वीस तेत्री

म्झेविनारबाई शिकवत नाहीत, खोडतात.
तिबिलिसीत, ग्लदानी वस्तीत, बेकरीवरची ती खोली;
खालच्या भट्टीनं फरशी कोमट,
आम्ही सहा जण, दर गुरुवारी, साडेसातला.
चाळीस वर्षं बाईंनी रेल्वेची वेळापत्रकं तपासली.
म्हणतात, गाडी सुटते तिथून लिहा,
स्टेशन कुणी बांधलं ते नको.

गोचा लिफ्ट दुरुस्त करतो.
त्यानं अकरा पानं आणली:
'वडील गेले. दुःखाचा डोंगर कोसळला.
काळजाचं पाणी पाणी झालं.'
बाईंनी डोंगर खोडला. पाणी खोडलं.
बाहेर पाऊस पडत होता, तोही खोडला.
"आभाळाला कशाला रडवतोस, त्याचे कोण लागत होते ते?"
मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"कितवा मजला?"
"नववा."
"शवपेटी लिफ्टमध्ये मावली?"

गोचा पेनाच्या टोपणाशी खेळत बसला.
खालून पावाचा वास आला, गेला.
मला वाटलं, हा आता उठून जाणार.

"नाही मावली. जिन्यानं उतरवली.
दर वळणावर उभी करावी लागली.
मग बूट आणायला मी परत निघालो,
नवे होते, पायांत घालायचे राहिले होते.
आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
खिशात एकही नव्हतं."

"पुढे?"

"तळमजल्यावरच्या लामाराकाकूंचं दार वाजवलं.
म्हटलं, वीस तेत्री द्या, उद्या परत करतो."

कुणी काही बोललं नाही.
ती नाण्यांची पेटी त्यानंच बसवलेली.
तिची किल्ली त्याच्या पट्ट्याला लटकते,
तो खुर्चीत हलला की वाजते.

पुढच्या गुरुवारी एकच पान आलं.
पायऱ्या. वळणं. बूट. नाणं.
काकू म्हणते, बस जरा.
तो म्हणतो, घाई आहे.
मरण हा शब्द दोघांच्याही तोंडी नाही.
किल्ली पहिल्या ओळीत वाजते,
पुन्हा एकदाही नाही.

आणि तळाशी, बारीक अक्षरात:
'तेव्हा मला कळलं, मी पोरका झालो.'

बाईंनी पेन्सिल उचलली.
गोचानं त्या ओळीवर पंजा ठेवला,
नखांत ग्रीस असलेला.
बाई थांबल्या. म्हणाल्या, "बरं.
आठवडाभर राहू दे तुझ्याकडे."

घरी येऊन मी माझी गोष्ट काढली.
तिच्यात चार पाऊस आहेत, दोन चंद्र,
आणि एक आई, जी पानभर
मनातलं सगळं नीट सांगते.
माझी आई असं कधी बोलली नाही.
ती म्हणायची, भांडी वाळली का बघ.

आईचं पान फाडलं. पाऊस गेले.
एक चंद्र खोडला.
दुसऱ्यावर अजून हात धजत नाही.