मोजणीबाहेरची हवा

सिग्नलला उभी राहिली की गाडी धापा टाकायची.
पाय न लावता काटा वर चढायचा, मग एकदम बसायचा,
कशाला वर आलो ते विसरून
जिन्यात कुणी परत दोन पायऱ्या उतरावं तसा.

नजमुलने बॉनेट उघडलं.
अँटॉप हिलच्या गल्लीत दुपारचे तीन,
जंगली बदामाची लाल पानं बॅटरीवर पडत होती.
ऐक, म्हणाला, आणि स्वतःच डोळे मिटले.
मला ऐकू येत होता फक्त समोरचा ग्राइंडर
आणि वरच्या मजल्यावरचा कुकर.
"शीळ घालतेय," तो म्हणाला. "बारीक. दातांच्या फटीतून घालतात तशी."

वॉशरला हाक मारली.
(पोऱ्याचं खरं नाव त्याच्या आईला माहीत.)
त्याने बाटलीत साबणाचं पाणी आणलं,
पाइपच्या सांध्यावर शिंपडलं.
मला वाटलं, फुगे येतील.
फेस उलट आत गेला,
कुणी चोरून घोट घ्यावा तसा.

फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणारा काळा रबरी पाइप,
वाटेत गॅसचा मिक्सर,
आणि मिक्सरच्या पुढचा क्लॅम्प ढिला.
गॅस किती, हवा किती, सगळं मिक्सरने ठरवायचं;
ही हवा त्याला न विचारता शिरलेली.
"हिचा हिशोब इंजिनाकडे नाही," नजमुल म्हणाला,
"म्हणून ते गडबडतं."

हिशोब म्हटल्यावर बावतीस आठवला.

सात वर्षं एक टॅक्सी, दोघं जण.
दिवस माझा, रात्र त्याची.
पहाटे साडेपाचला वडाळ्याच्या पंपावर चावी हातात यायची,
सीट त्याच्या लांब पायांची, मी ती पुढे ओढायचो.
डॅशबोर्डवर त्याचा क्रूस, माझा मार्लेश्वर,
दोघांत मिळून एक उदबत्ती.

मग किलोला बावीस देणारी गाडी
सतरावर आली.
मी वहीत आकडे मांडले.
माझे दिवस निळ्या पेनाने, त्याच्या रात्री लाल.
त्याने वहीकडे बघितलंच नाही. एवढंच विचारलं,
"दळवी, गॅस काय मी पितो?"
मी पान उलटलं.

वाटणी झाली. गाडी माझ्याकडे राहिली.
तो वसईला, भावाच्या बेकरीचा टेम्पो चालवतो म्हणे.
गाडी तरी सतराच देत राहिली.
मी वही लिहिणं बंद केलं.

"हे कुणी बांधलं होतं?"
नजमुलचं बोट क्लॅम्पच्या मागे.
तांब्याची तार. चार वेढे,
शेवटी पीळ, पक्कडीने नीट चेपलेला,
आणि तारेने रबर कापू नये म्हणून खाली
सायकलच्या ट्यूबची पट्टी, आता वाळून तडकलेली.
"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "पण पीळ उलटा."

उलटा. डावखुऱ्याचा.
चहाचा ग्लास डाव्या हातात धरणारा,
सुट्टे पैसे डाव्या हाताने देतो म्हणून
एकदा एका शेठाणीची बोलणी खाल्लेला.

कधी बांधली असेल?
कुठल्या रात्री, मोबाइलचा उजेड दातांत धरून,
विमानतळाच्या रांगेत? भायखळ्याला, पुलाखाली?
बोलला नाही मला.
की बोलायलाच आला होता त्या पहाटे
आणि मी बोनेटवर वही उघडून बसलो होतो.

नवा क्लॅम्प साठ रुपये.
वॉशर आवळत सुटला, तेव्हा नजमुल खेकसला,
"बस! जास्त आवळलं तर रबर फाटतं."
काटा आठशेवर बसला आणि तिथेच राहिला.
पोऱ्याने बॉनेट आपटलं.

तार मी मागून घेतली.
वडाळ्याच्या रांगेत, पुढे अकरा गाड्या,
म्हटलं, सरळ करू.
पीळ चिमटीत धरून नेहमीसारखा सोडवायला गेलो,
उजव्या हाताने.
आणखी आवळला.