सहाव्या प्रकरणातला बटाटा

आधी बटाटा गेला.
सहाव्या प्रकरणात ग्रीता चुलीपाशी बसून
बटाट्याचं सूप ढवळायची, आणि त्या वाफेत
तिचं अख्खं बालपण मी शिजवून घेतलं होतं, अकरा पानं.
अभिलेखागारातला गुंटिस चष्मा पुसत म्हणाला,
सतराशे दहा साली? दोर वळणाऱ्याच्या घरात?
मी सलगम घातला.
सलगमाला तसं बालपण येत नाही.
पुन्हा लिहिलं, जरा उग्र झालं.

मग बूट.
दारावर थाप पडते, आन्सिस गडबडीत
डाव्या पायात उजवा बूट चढवून धावतो.
जीव होता माझा त्या वाक्यावर.
पण तेव्हाच्या बुटांत डावा-उजवा नसायचाच.
दोन्ही एकाच साच्यातले; पायच त्यांना
महिनोन्‌महिने चालून शिकवायचे,
तू या बाजूचा, तू त्या.
वाक्य खोडलं.
त्या रात्री झोपताना स्वतःच्या चपलांकडे
बराच वेळ बघत बसले.

पौर्णिमाही टिकली नाही.
ते दोघं नावेतून दौगावा ओलांडतात त्या रात्री
चंद्र नव्हता, वेधशाळेतल्या बाईंनी हिशेब करून कळवलं,
आणि खाली विचारलं, तारीख कुठली धरलीत?
रीगाची जुनी, की पलीकडची नवी?
म्हणजे हद्द ओलांडली की माणूस
एका रात्रीत दहा-अकरा दिवसांनी मोठा व्हायचा.
अंधारात. हातात हात नाही, वल्हं.
हे मला सुचलं नसतं. सात जन्मांत नाही.

माहिती आणायला गेले आणि
पिशवी भरून अडचणी घेऊन आले.
सगळ्यात मोठी अडचण मीच:
मला ठाऊक होतं हे साथीचं साल आहे.
ग्रीताला नव्हतं.
तिच्यासाठी तो एक मंगळवार होता,
ताग महागलेला,
शेजारीण दोन दिवस दिसली नाही एवढंच.

मग पेटी क्रमांक दोनशे चौदा. चर्चची मृत्यूनोंद.
जूनपर्यंत अक्षर गोल, संथ, ओळी सोडून लिहिलेलं.
जुलैत ओळींमधली जागा संपते.
ऑगस्टमध्ये नावं संपतात: दोरवाल्याची मुलगी,
दोरवाल्याची दुसरी मुलगी, एक खलाशी.
बारा तारखेला अक्षरच बदलतं.
पहिल्या पाद्र्याचं काय झालं, कुठेच लिहिलेलं नाही.
लिहिणार कोण?

शेवटच्या पानांत ती भेटली.
ग्रीता. दोर वळणाऱ्या आन्सिसची विधवा.
मी दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात बसून
हवेतून काढलेलं नाव.
माझ्या एकोणिसाव्या प्रकरणात ती मरते, चांगली मरते,
संपादक रडले होते.
इथे ती मेलेली नाही.
इथे नोव्हेंबरात तिचं लग्न लागतंय
कबरी खणणाऱ्या मिकेलिसशी;
फी अर्धी रोख, उरलेली सुक्या माशांत.

तिला तो आवडत होता का?
की त्याच्याकडे फावडं होतं, आणि हिवाळा तोंडावर?
की तिच्या मुलींना त्यानेच,
नीट, वेगवेगळं, पुरलं होतं?
तीन कादंबऱ्या दिसल्या मला त्या एका ओळीत.
तिन्ही माझ्या होत्या. तिची एकही नव्हती.

घरी येऊन पाचशे बारा पानांवर
नायिकेचं नाव बदललं. आता ती डोर्ता.
डोर्ता खुशाल मरू दे.

पेटी परत करताना गुंटिसने
फीत बांधली, नेहमीची ती पिवळी चिठ्ठी पुढे केली.
माझ्याआधी दोनच सह्या, एक सदतीस सालची,
एक चौऱ्याहत्तरची, शाई उडालेली.
मी सही केली.
शेवटचा रकाना: यातलं काय वापरलं?
गुंटिस घड्याळाकडे बघत होता, पाच वाजत आलेले.
काही नाही, मी लिहिलं,
आणि त्याने शिक्का मारला.