नारू गाडी काढतो

देसायांच्या मालिकेत त्याला एकच वाक्य होतं:
'वैनीसाहेब, गाडी काढू?'
चारशे भाग तो फाटकापाशी उभा, हातात फडकं.
लोकांना तो आवडला, का ते कुणाला सांगता येईना,
म्हणून त्याला मस्कतला पाठवलं
आणि त्याच्या नावाची वेगळी मालिका काढली.

तिकडचे आठ म्हणजे आमचे साडेसहा.
रुवीतली खोली, चार खाटा, एक टीव्ही,
आणि एसी, ज्यात गॅस आम्हीच भरतो.
मुकादम म्हणाला, पन्नास भाग. पुढे दम नाही.
एका वाक्याचा माणूस, ना वैरी, ना वाटणी,
दाखवणार काय?
लवू घाडी पूर्वी आंब्याची कलमं बांधायचा.
तो म्हणाला, बांधल्यावर लगेच हात लावू नये.
धरलं की नाही ते पालवी सांगते.

पहिला आठवडा आम्ही नुसतेच हसलो.
मस्कत गोरेगावात उभं केलेलं,
खजुराची तीन झाडं, तिन्हींना एकाच उंचीवर घोस,
आणि रोज संध्याकाळी नारू किनाऱ्यावर,
समोर समुद्रात सूर्य बुडतोय.
अरे, इथं तो समुद्रातून वर येतो!
मावळतो डोंगरामागे, गोदामांच्या पत्र्यांवरून.
लिहिणाऱ्यानं आपला समुद्र आणून इथं ठेवला.
(पहिल्या वर्षी मीही मत्राच्या कठड्यावर
अंधार पडेपर्यंत वाट बघत बसलो होतो.
सांगितलं नाही कुणाला.)

घरचा फोन आला की फक्त नारू बोलायचा.
'हो.' 'जेवलो.' 'पाठवतो.' 'नाही, ह्या गणपतीला नाही.'
पलीकडचा आवाज नाही.
मुकादमकडे आतली बातमी: आई झालेली नटी मोठी,
तिचे दिवसाचे पैसे परवडत नाहीत.
म्हणून नारू बोलतो, थांबतो, मान हलवतो,
आणि त्या थांबण्यात
आमच्या एसीचं पाणी बादलीत पडताना ऐकू येतं.

पन्नास झाले. दीडशे झाले.
गोष्ट कुठेच जाईना.
तो गाडी धुतो, पेट्रोल भरतो, पावती घडी करून ठेवतो,
एक अख्खा भाग नुसतं पंक्चर.
मुकादम रोज म्हणायचा, बंद पडणार,
आणि साडेसहाच्या आत आंघोळ उरकून बसायचा.

मग शिमग्याच्या सुमारास मूळ मालिकाच संपली.
धाकटीचं लग्न, सगळ्यांचा एक फोटो, हात जोडून नमस्कार.
फाटकापाशी कुणी नव्हतं.
दुसऱ्या दिवशी नारू आपला बोनेट पुसत
कुठल्याशा पठाणाला सांगत होता,
'दोन वर्षं झाली की जातो.'

जातो म्हणजे कुठे?
मी मोठ्यानं विचारलं, उगाच.
सेट मोडला. त्या फाटकाचं लाकूडसुद्धा
आता दुसऱ्या कुणाच्या दारात लागलं असेल.
मुकादमनं आवाज कमी केला, मग परत वाढवला.
लवू म्हणाला, मूळ झाड तोडलं तरी कलम जगतं.
फळ कसं लागतं ते
आणि उठून भाताचा गॅस बंद करायला गेला.

पहाटे मी गोदाम उघडायला मत्राच्या रस्त्यानं जातो.
सूर्य पाण्यातून वर येतो, ओला, लाल.
आधी उलटं वाटायचं.
ते थांबलं, कितव्या भागात
ते आठवत नाही.