अडगळ काढली

कंपायलर कोसळला.
प्रोग्रॅम नव्हे, तो तर अजून जन्मलाच नव्हता.
सुईणच जमिनीवर पडली
आणि दोनशे बारा ओळी बरळत राहिली.

जानेवारीत तार्तूला दुपारी चारलाच अंधार.
लीवी काळ्या पावाचा तुकडा दाताखाली धरून
ते बरळणं खालून वर वाचते.
बोट रोखलंय एक्केचाळिसाव्या ओळीकडे;
ती बिचारी नुसती बेरीज करते.

निम्मी फाइल पुसली. कोसळला.
उरलेल्यातली निम्मी. कोसळला.
शेवटी उरल्या तीन ओळी, चिमूटभर,
तरी कोसळला,
आणि लीवी हसली: सापडलास.

तिसऱ्या ओळीतली लायब्ररी
आपल्या एका पूर्वजाचं नाव सांगत होती.
तो क्लास राहायचा दुसऱ्याच पॅकेजात,
आणि ते पॅकेज जागेवर नव्हतं.
आयवारनं ऑक्टोबरात काढलं होतं, शेरा मारून:
'अडगळ काढली. कुणी वापरत नाही.'
खरंच, कुणी वापरत नव्हतं.
फक्त वंशावळ जुळवताना
त्याचं नाव लागायचं.

एक ओळ परत घातली. अकरा सेकंदांत सगळं सुरळीत.
आयवारची कानशिलं लाल.
तिनं त्याला अर्धा पाव दिला, बोलली काहीच नाही.

निघण्याआधी मात्र
कंपायलर लिहिणाऱ्यांना त्या तीन ओळी धाडल्या.
खाली लिहिलं:
क्लास नव्हता, ही चूक आमची.
पण 'सापडत नाही' एवढं म्हणायला
त्याला कुणी शिकवलंच नाही का?
नाव तरी घ्यायचं होतं त्यानं,
पडता पडता.