रोजच्या वापरासाठी

योउनीने, माझ्या भाच्याने, दोन आठवड्यांसाठी दिलाय हा फोन.
किंमत सांगितली नाही. मी दुकानात जाऊन पाहून आले:
महिन्याच्या पगारातून हा घेतला
तर उरतं घरभाडं, आणि फक्त घरभाडं.
सोबत एक तक्ता. दहापैकी गुण द्यायचे.
‘मावशी, तू सामान्य माणूस आहेस,’ म्हणाला,
‘म्हणूनच तुझं मत हवंय.’
एकतीस वर्षं ओउलूत टपाल वाटतेय मी.
सामान्य म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं.

पहिल्याच सकाळी उणे सव्वीस.
पापण्यांवर हिम, नाकापर्यंत मफलर,
आणि हा विचारतो, तू कोण?
हिएतानेनचा कुत्रा मला पावलांवरून ओळखतो,
फाटकाच्या आतून, अर्धवट झोपेत.
याच्यासाठी मी मफलर खाली ओढला, टोपी मागे सारली
आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले
पासपोर्टच्या फोटोतल्यासारखी.

हातमोजे काढले की बोटं कामातून जातात.
म्हणून नाकाने चालवला.
नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना,
तो मी नाकाच्या शेंड्यावर तोलून पाहिला.
दुपारी बॅटरी बासष्टवरून शून्यावर, एका उडीत.
मग स्वेटरच्याही आत ठेवला, छातीशी,
गारठलेल्या पाखरासारखा.
पुढची सगळी गल्ली संपली तेव्हा त्याने डोळा उघडला.
पाच दिले. खोडून चार केले.

कॅमेऱ्याने मात्र मी हरखले, खोटं कशाला बोलू.
तीन वाजताचा काळोख, नदीवर बर्फ.
मला दिसत होतं नुसतं राखाडी,
त्याने त्यातून निळं काढलं,
पलीकडच्या काठावर कुणी विसरलेली सायकलसुद्धा.
नऊ. रात्री उशिरापर्यंत ते निळं पाहत बसले.
दुसऱ्या दिवशी नदीच जरा कमी पडल्यासारखी वाटली
आणि मला राग आला.
कुणाचा, ते ठरवता येईना.

हेल्वीचा फोटो काढला, टपालखान्याच्या मागच्या दारात.
हनुवटीवरचा व्रण गायब.
दहा वर्षांची असताना ती घसरगाडीवरून पडली होती,
गाडी मी ढकलली होती.
एकोणपन्नास हिवाळे ती मला त्याबद्दल माफ करत आलीय.
हा कोण मधेच पुसून टाकणारा?
हेल्वी म्हणाली, ‘अगं, किती छान दिसतेय मी! पाठव ना.’
पाठवला.

रविवारी आन्साचा फोन आला, केमियार्वीहून.
आवाज स्वच्छ, पुसलेल्या काचेसारखा.
योउनीने सांगितलंच होतं, हा मागचा गोंगाट कापतो.
कापला खरा.
चुलीत तडकणारं बर्चचं लाकूड कापलं,
आईने आठ मिनिटं पुढे लावलेलं
आणि आम्ही कधीच मागे न घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ कापलं,
कुत्र्याचं लपलप पाणी पिणंही.
उरली नुसती आन्सा,
कुठेच नसलेली.
मी तीनदा विचारलं, ‘तू घरी आहेस ना?’
‘म्हणजे काय, स्वयंपाकघरात उभी आहे. बरी आहेस ना तू?’
शेवटी जुना फोन काढला, पाठीला चिकटपट्टी लावलेला,
आणि तिला परत लावला.
आधी खरखर.
मग घड्याळ.
मग चूल, मग ती, जराशी चिडलेली.

‘संभाषणाची स्पष्टता’ या रकान्यात दहा लिहिले.
जे आहे ते आहे.
सगळ्यात खाली ‘इतर’ म्हणून एक ओळ मोकळी होती.
तिथे लिहिलं:
तुझ्या आईचं स्वयंपाकघर ऐकू येत नाही.
योउनी डोकं खाजवेल, हे कुठल्या खात्यात घालू म्हणेल.

उद्या परत द्यायचा. खोकं पुसून ठेवलंय,
दोऱ्यासुद्धा होत्या तशा गुंडाळल्यात.
फक्त तो निळा फोटो
माझ्या जुन्या फोनमध्ये मावेल का,
ते त्याला विचारायला हवं.