शेवटच्या पानापासून

केतकी पुस्तक मागच्या बाजूनं उघडते.
"असंच वाचतात काका, उजवीकडून डावीकडे."
आणि मी, लश्करात बावन्न वर्षं
डावीकडून उजवीकडे जगलेला माणूस,
चष्मा पुसून तिच्या शेजारी बसतो.

जानेवारी. दौलतगंजात धुकं इतकं
की समोरचा गजकवाला दिसत नाही,
नुसती मोगरी ऐकू येते:
तिळावर घाव, गुळावर घाव.

चित्रात एक उंच माणूस.
काल कुणा सरदाराच्या पदरचा सामुराई,
आज पोलीस.
पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली,
तलवार मात्र जुनीच.
डोळे असे, की चित्रकाराकडून
त्यांत शाई भरायची राहूनच गेली असावी.
"हा कुणालाच सोडत नाही," केतकी म्हणते,
"जुन्या दोस्तांनासुद्धा. भारी आहे ना?"

भारी.
मी उठतो. लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली,
एक फोटो आहे, जो आम्ही भिंतीवर लावत नाही.
सुभानजी दरेकर, माझ्या पणजोबांचे वडील.
शिंद्यांच्या पागेत बारगीर,
आणि अठ्ठावन्नची धूळ खाली बसल्यावर
कोतवालीत जमादार.
तीच बटणं.
मुठीवर बोटं आवळलेली नाहीत, नुसती ठेवलेली,
झोपलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावीत तशी.

"काका! हा तर तोच!"

मग मी सांगतो ते, जे आमच्याकडे
तेराव्याला जमलेली म्हातारीसुद्धा बोलत नाहीत.
मुरारच्या पुढे, ज्वारीच्या उभ्या शेतात
अंताजी पोळ अकरा दिवस लपला होता.
दोघांची थाळी एक, तंबू एक,
एकीच्या बाळंतपणाला दुसरीची आई धावलेली.
सुभानजींना शोधावं लागलं नाही.
कुठं लपेल हे त्यांना माहीतच होतं,
लपायला त्यांनीच शिकवलं होतं.
अंताजी म्हणाला, "सुभान्या, पाणी आहे का?"
त्यांनी तांब्या दिला.
पिऊन होईपर्यंत थांबले.
मग हात बांधले.

बक्षीस पंचवीस रुपये.
निंबाचं झाड आता नाही,
तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

"मग त्यांना वाईट वाटलं?"
तिच्या पुस्तकात डोक्याशेजारी ढग असतो,
माणूस काय विचार करतो ते त्यात लिहिलेलं असतं.
फोटोत ढग नाही.
पेन्शन खाल्ली, नातवंडं खेळवली,
झोपेत गेले.
आजोबा म्हणायचे, "पश्चात्ताप झाला असणार."
त्या 'असणार'वर
आमचं घर चार पिढ्या उभं आहे.

रोजनाम्याचं एक पान उरलंय.
त्यांच्याच हातची मोडी,
एक अक्षर थरथरलेलं नाही.
मी बोट ठेवून वाचतो:
इसम अंताजी. पाणी मागितले. दिले. हजर केला.

केतकी गप्प. मग म्हणते,
"अंताजीचा फोटो?"
अंताजीचा कुठला गं फोटो.

ती वहीत दोन चौकटी आखते.
डावी कोरी ठेवते.
उजवीत ज्वारी काढते, खूप ज्वारी,
कणसं मोडतील इतकी,
आणि मध्ये एक तोंड, वर केलेलं.

"आता उलटं वाचा ना काका. शेवटापासून."

मला हसू येतं, पण मी वाचतो.
हजर केला.
दिले.
मागितले पाणी.

बाहेर मोगरी थांबलेली असते,
बहुधा चहाला.

अंताजी, म्हणतो मी,
आणि पुढचा शब्द वाचत नाही.