आडोसा

ऑगस्टमध्येच बांधायला घ्यायचा,
भर उकाड्यात, शिकारीचं नावही कुणी काढत नाही तेव्हा.
बदकं उतरणार नोव्हेंबरात. पण त्याआधी
गवताला वाळायला, फळ्यांना करडं पडायला,
आणि इथे नवीन काही नाही असं बगळ्यांनी ठरवायला
तीन महिने लागतात.
पापा म्हणायचा, घाईत बांधलेलं घाईतच दिसतं.

आठ खांब.
पंपाने पाणी सोडून चिखलात भोक पाडायचं,
मग खांबाला मिठी मारून डोलवत डोलवत खाली न्यायचं.
रेमी, माझ्या भावाचा मुलगा, वय वर्षं तेरा,
पहिल्याच खांबाबरोबर मांडीपर्यंत गेला.
त्याचा एक बूट अजून तिथेच आहे, पायव्यात.

खिळे नकोत, स्क्रू.
खाऱ्या पाण्यात खिळा दोन हिवाळे टिकतो,
तिसऱ्यात फक्त त्याच्या आकाराचा गंज उरतो.
बाकाखाली हात घालण्याआधी वल्ह्याने ठोकून बघ,
गांधीलमाश्या आपल्याआधी राहायला येतात.
कुत्रीसाठी उतरण ठेव, काठाला घासपट्टी मार,
ती म्हातारी झाली आहे, घसरली की रुसते.

मग कोंबड्यांची जाळी, आणि जाळीत बोरू.
बोरूलाही हल्ली कीड लागली आहे,
चांगली पेंढी हवी तर तासभर लांब जावं लागतं.
डांबरी सुताने बांध, पण ओळीत नको.
एक उंच, एक मोडका, एक आडवा.
बदकाला माणूस दिसत नाही, रेमी,
बदकाला कोपरा दिसतो.
आणि वर बघू नकोस. तुझा चेहरा
वरून बशीसारखा चमकतो.

क्लोव्हिसचा ह्यूस्टनहून फोन येतो दर रविवारी.
ओडील, सोड ना आता ते, म्हणतो.
त्याचं चुकत नाही.
होडीवरच्या यंत्रात इथे अजून जमीन हिरवी रंगवलेली आहे.
मी त्या हिरव्यावरून इंजिन चालू ठेवून जाते,
खाली सहा फूट पाणी.
पापाच्या आडोशाचे चार खुंट दक्षिणेला आहेत,
भोवती गवताची काडी नाही, भर पाण्यात
चारचौघांत उघडे पडल्यासारखे.
त्यावर पाणकावळे पंख वाळवतात.
आजोबांचा त्याच्याही पलीकडे होता,
खेकड्यांचे पिंजरे अडकतात, त्यावरून कळतं.

वादळ येतं, आम्ही उत्तरेला सरकतो.
प्रत्येक वेळी एकच फळी सोबत घेतो,
कॉफीचा थर्मास ठेवायची.
तिच्या खालच्या अंगाला पेन्सिल आहे:
अठरा टील. धुकं.
काहीच नाही.
काहीच नाही, पण आल्सिद छान बोलला.
तलवार बदकं, फार उंच.
पुढे दोन वर्षं कोरी, त्या वर्षी पापाचे डोळे गेले.
पण तेव्हाही तो येऊन बसायचा,
आवाजावरून सांगायचा कोण आलं,
आणि सुताची गाठ चाचपून कुणी मारली तेही.

आज पहिला दिवस. काळोखात आलो.
पाण्यावर नकली बदकं सोडली, कुत्रीला पेटीत बसवलं,
झाकण ओढून घेतलं.
आतून आपलाच आडोसा किती विरळ दिसतो,
दर वर्षी हीच भीती.
मग उजाडायच्या जरा आधी
कापड फाडल्यासारखा आवाज डोक्यावरून गेला,
वळला, परत आला,
आणि सात टील आमच्यापासून वीस हातांवर
काही एक शंका न घेता उतरले.

रेमीने दोन बार काढले. दोन्ही पाण्यात.
कुत्री तरीही गेली, गोल फिरून आली,
आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थर्मास उचलून त्याने फळी उलटी केली,
पेन्सिल चाटली.
काय लिहू, आत्या?
किती आले ते? की किती चुकले ते?
मी बाहेर हात घालून बघत होते.
लिही, म्हटलं,
उत्तरेचा कोपरा सैल. सूत आणायचं.